हिवराखालचा नमुना

माझी उमेदीची वर्षं लेंड्या वेचण्यात गेली असं मी सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारा विनयानं बोलतोय. विनय-बिनय काही नाही. नगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा सहायक होतो आणि नोकरीच्या सुरुवातीला दर मंगळवारी हरणांच्या लेंड्या गोळा करणं हे माझं अधिकृत काम होतं. पुढं निवृत्त होईपर्यंत बेडूक, झुरळं आणि विद्यार्थी सांभाळले, पण त्याबद्दल कुणी विचारत नाही. नाव झालं ते लेंड्यांवरच.

मागच्या हिवाळ्यात मला त्या माळावर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. हरणं आता तिथं भरपूर आहेत. पुण्याहून लोक येतात, भलेमोठे कॅमेरे लावून बसतात. ‘ज्यांच्या संशोधनामुळं ही हरणं वाचली’ असं माझ्याबद्दल माईकवर म्हणाले. मी शाल घेतली आणि उन्हातही अंगावरून काढली नाही. या अंकाच्या संपादकबाई त्या कार्यक्रमाला होत्या. त्यांनी सांगितलं, त्या दिवसांतल्या गमतीजमती लिहा. गमती आहेत, नाहीत असं नाही. लिहितो.

साल एकाहत्तर-बाहत्तर. जिल्ह्याच्या दक्षिणेला, कर्जतच्या बाजूला, तो माळ. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून मला रामराम करतात. मुरमाड जमीन, गुडघ्याएवढं गवत, तरवड, मधूनच एखादी बाभळ नाहीतर हिवर. त्या माळावर काळविटांचे कळप. शास्त्राप्रमाणं काळवीट खऱ्या हरणात धरत नाहीत, कारण त्याची शिंगं दरसाल गळून पडत नाहीत. हे मी गावात एकदा समजावून सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढंही हरीणच म्हणाले. मग मीही हरीणच म्हणायला लागलो.

आमच्या विभागातल्या डॉक्टरसाहेबांना या हरणांवर संशोधन करायला मंजुरी मिळाली होती. डॉक्टर म्हणजे प्राणिशास्त्रातले डॉक्टर. पण ‘डॉक्टर आलेत’ एवढं गावात कळायचा अवकाश, पहिल्याच दिवशी शाळेच्या व्हरांड्यात दोन खोकणारी म्हातारी माणसं, एक लंगडी म्हैस आणि एक बाळंतीण हजर झाली. साहेबांनी आपण हरणांचे डॉक्टर असल्याचं सांगितलं. एका आजोबांनी विचारलं, हरणं आजारी हायेत का? नाहीत, असं उत्तर मिळाल्यावर आजोबा उठून गेले. साहेबांना ते लागलं. त्यानंतर ते माळावर क्वचितच आले. माळ माझ्या गळ्यात पडला.

आता धंद्याची गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. हरीण काय खातं हे बघायचं तर त्याच्या मागं फिरून चालत नाही. माणूस दोन शेतं लांब असतानाच ते पसार होतं. पण खाल्लेल्या गवताची साल पूर्ण पचत नाही, तिचे बारीक तुकडे लेंडीतून बाहेर पडतात. लेंडी ॲसिडात उकळायची, गाळायची, रंग द्यायचा आणि काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. प्रत्येक गवताच्या सालीवरची नक्षी वेगळी, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. मारवेल वेगळं, पवना वेगळा, कुसळ वेगळं. नक्ष्या मोजल्या की हरणाचं जेवणाचं ताट समोर येतं. वाचायला सोपं वाटतं. उकळताना जो वास सुटतो तो वाचताना येत नाही म्हणून.

लेंड्या उकळण्याआधी वाळवाव्या लागत. कॉलेजात जागा नव्हती. मी नवीनच लग्न झालेला, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायचो. गच्चीवर कागद पसरून वाळत घालायचो. उन्हाळ्यात शेजारच्या कागदावर बायकोचे सांडगे. तिनं पहिल्या दिवशी सांडग्यांचा कागद लांब सरकवला. दुसऱ्या दिवशी शांतपणे सांगितलं की या घरात यंदा सांडगे होणार नाहीत, पुढच्या वर्षीही होणार नाहीत, आणि मी नोकरीत कायम झालो की आपण गच्ची नसलेलं घर बघू. मी कायम होण्यावर त्या काळात आमच्या घरातल्या बऱ्याच गोष्टी अडून होत्या.

एसटीतही तेच. नगर-कर्जत गाडीत एकदा पिशवीतली पुडी फुटली आणि काळ्याभोर गोळ्या बाकाखाली घरंगळल्या. शेजारच्या गृहस्थांनी आपणहून वाकून गोळा करून दिल्या, बोटांत एक चोळून बघितली आणि हलक्या आवाजात विचारलं, कोणत्या वैद्यांच्या? मी म्हणालो, कॉलेजच्या आहेत, अजून प्रयोग चालू आहे. त्यांनी सांधेदुखीसाठी दोन मागून घेतल्या. मी दिल्या. खरं सांगायला हवं होतं, पण माणूस इतका अजीजीनं बोलत होता की मला नाही म्हणवलं नाही. हा माझा स्वभावच, पुढं तो मला भोवला. मला म्हणजे दुसऱ्याला.

तो दुसरा म्हणजे धुळाबा. पन्नाशीचा धनगर, उंच, वाकलेला, बोलणं अगदी कमी. माळाच्या कडेला त्याचा वाडा. वाडा म्हणजे धनगराचा तळ, चार काठ्यांवर जाळी लावलेली, आत मेंढ्या. सोबत बायको ठकूबाई आणि एक घोडी. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर आजूबाजूचे शेतकरी आपल्या रानात त्याच्या मेंढ्या बसवून घ्यायचे. मेंढ्या रानात बसल्या की लेंड्या पडतात, रान खतावतं, त्याबद्दल शेतकरी धनगराला धान्य देतो. त्यामुळं लेंडीची किंमत त्याला शिकवायला कुणा डॉक्टरची गरज नव्हती. धुळाबाला ती माझ्या आधीपासून ठाऊक होती. मी कॉलेजातून एवढ्या लांब लेंड्यांसाठी येतो हे ऐकून गावात सगळे हसले. एकटा तो हसला नाही.

त्यानंच मला शिकवलं. हरणाचा नर आपल्या हद्दीत ठरलेल्या जागी, उघड्यावर, रोज येऊन लेंड्या टाकतो, तिथं ढीग होतो. हरणाची लेंडी एका टोकाला किंचित निमुळती. मेंढीची चेपलेली, एकमेकींना चिकटलेली. पण मेंढी कोरडं खायला लागली की तिचीही सुटी आणि गोल होते. मग नुसतं बघून कळत नाही, फोडून वास घ्यावा लागतो. धुळाबा फोडायचा, नाकाजवळ न्यायचा आणि सांगायचा. मी फोडायचो, नाकाजवळ न्यायचो आणि धुळाबाकडं बघायचो. पहिले दोन महिने मी असे त्याच्या नाकावर काढले.

साहेबांचा प्रश्न होता, हरीण आणि मेंढी एकाच गवतावर जगतात का? वेगवेगळं खात असतील तर मेंढ्यांनी माळावर खुशाल चरावं. एकच खात असतील तर मेंढ्या हरणांच्या तोंडचं पळवतात, मग माळावर चराईबंदी. वरच्या कचेरीला आमच्या उत्तराची घाई होती. पहिल्या दोन महिन्यांच्या तक्त्यात दोघांची ताटं चांगलीच वेगळी निघाली. मी ते धुळाबाला हौसेनं सांगितलं. तो म्हणाला, म्हाईत हाय.

पण साहेबांच्या कानावर गेलं की लेंड्या ओळखायला मी एका धनगराला घेऊन फिरतो. त्यांनी मला बोलावून घेतलं. ज्याच्या मेंढ्यांचा निकाल लागायचाय तोच साक्षीदार, तोच पंच, हे कुठल्या शास्त्रात बसतं, असं विचारलं. मुद्दा बिनतोड होता. शिवाय ते म्हणाले, ढिगावरच्या लेंड्या एकट्या नराच्या. मला कळपाचा नमुना हवा, माद्यांचा, पाडसांचा. कळप दुपारी कुठं बसतो ते शोधा आणि तिथून आणा, एकट्यानं.

पुढच्या मंगळवारी मी धुळाबाला सांगितलं की इथून पुढं मी काम करत असताना तुम्ही माळावर थांबायचं नाही, मेंढ्याही पलीकडं ओढ्याच्या अंगाला ठेवायच्या, साहेबांचा हुकूम आहे. कारण सांगितलं नाही. सांगायला लाज वाटली. त्यानं कारण विचारलंही नाही, बरं म्हणाला आणि मेंढ्या वळवल्या.

आता कळप दुपारी कुठं बसतो? ऊन असं की गावातून भाड्यानं घेतलेल्या सायकलच्या दांडीला हात लावता येत नव्हता. अशा उन्हात कुठलाही शहाणा जीव सावलीला बसेल, असा मी विचार केला आणि सावली शोधत निघालो. माळाच्या मधोमध एक जुना, पसरट हिवर होता. त्याच्याखाली लेंड्या होत्या. कोरड्या, सुट्या, गोल. मी एक फोडली, नाकाजवळ नेली आणि सवयीनं बाजूला बघितलं. बाजूला कुणी नव्हतं. मग मीच ठरवलं की हरणाची आहे.

काम सोपं झालं. दर मंगळवारी हिवराखाली ताज्या लेंड्या तयार. सावलीत बसायचं, पुड्या भरायच्या, डबा खायचा, परतीची एसटी पकडायची. साहेबांना मी सांगितलं की कळपाची बसण्याची जागा सापडली. त्यांनी शाबासकी दिली. मेंढ्यांच्या लेंड्या मी पहिल्यापासून धुळाबाच्या वाड्यावरूनच आणत होतो, त्या पुड्यांवर ‘मेंढी’ लिहायचो, हिवराखालच्या पुड्यांवर ‘हरीण’. अक्षर माझं चांगलं होतं.

तिसऱ्या महिन्यापासून चमत्कार झाला. हरणाचं ताट आणि मेंढीचं ताट एकदम सारखं. चौथ्या महिन्यात सारखं, पाचव्यात सारखं. माझ्यासारख्याला इथं शंका यायला हवी होती. साहेबांना शंका आली नाही, आनंद झाला. कारण त्याच सुमारास पाऊस दडी मारून बसला. बाहत्तरचा दुष्काळ ज्यांनी बघितला त्यांना वेगळं सांगायला नको. विहिरी आटल्या, माणसं खडी फोडायला लागली, रेशनवर मिलो नावाची लाल परदेशी ज्वारी आली. साहेबांनी तक्ता समोर ठेवून सिद्धान्त मांडला. गवत मुबलक असताना हरीण आणि मेंढी आपापलं खातात, टंचाई पडली की दोघं एकाच ताटावर येतात. ऐकायला फारच सुंदर होतं. मी स्वतः दोन मित्रांना समजावून सांगितलं.

अकरा महिन्यांचा तक्ता वर गेला आणि निकाल आला. माळ चराईला बंद. दुष्काळात जिथं तिथं गुरांना रानं मोकळी करून देत होते, आमचा माळ तेवढा बंद झाला, कारण आमच्याकडं संशोधन होतं. आठ दिवसांत मेंढ्या हलवायच्या होत्या.

शनिवारी मी मुद्दाम गेलो. धुळाबाचा वाडा उठत होता. ठकूबाई घोडीवर भांडी, घोंगड्या आणि एका जाळीत अगदी लहान कोकरं बांधत होती. कॅनॉलच्या भागात चाऱ्याला उसाचं वाढं मिळतंय असं त्यांना कळलं होतं. तिथंवर आठ दिवसांची वाट, आणि वाटेत ना चारा, ना पाणी. ठकूबाई म्हणाली, मोठ्या पोचतील, निम्मी कोकरं काय पोचत न्हाईत. हे तिनं माझ्याकडं न बघता, घोडीचा दोर आवळता आवळता सांगितलं. त्या कळपाला त्या वर्षी तो माळ सोडला तर दुसरा आधार नव्हता, हे मलाही दिसत होतं.

मला वाईट वाटत होतं, पण अपराधी वाटत नव्हतं. शास्त्रापुढं माझा काय इलाज, असा माझा भाव. मी धुळाबाला म्हणालो, काय करणार धुळाबा, दुष्काळात हरीण आणि मेंढी एकच खातात असं निघालं. वर्षभर दोन्हीच्या लेंड्या तपासल्या आम्ही.

धुळाबा पटका बांधत होता. तो थांबला.

“हरनाच्या कवा न्हेल्या, मास्तर?”

“दर मंगळवारी नेतोय की. हिवराखालच्या.”

“त्या मेंढरांच्या हायेत.”

मी म्हणालो, तिथं मेंढ्या कुठं असतात? मी तर कधी बघितल्या नाहीत.

“मंगळवारी नसत्यात. तुमीच सांगितलं हुतं लांब ठिवा म्हनून. सोमवारी दुपारी बसवत हुतो.” मग तो जरा ओशाळून हसला. “पयल्यांदा तुमी तितं वाकून येचताना दिसलाव. मनात म्हनलं, वाड्यावरच्या कमी पडत असत्याल, मास्तर मागायला लाजतोय. उनाचं कुटं हिंडवायचं तुमाला? म्हनून दर सोमवारी मेंढरं हिवराखाली आनून बसवली. लोकं बसवायचं धान्य देत्यात, पर तुमचं शिक्शनाचं काम.”

मी विचारलं, मग हरणं दुपारी बसतात तरी कुठं?

“उगड्यावर. झाडाखाली त्येला चारी अंगानं दिसत न्हाई, भ्या वाटतं. हरीन सावलीला बसत न्हाई, मास्तर.”

अकरा महिन्यांतले नऊ महिने मी मेंढीची मेंढीशी तुलना केली होती आणि दोघींची ताटं सारखी निघाली म्हणून सिद्धान्त झाला होता. आणि ज्या लेंड्यांनी या माणसाला माळावरून उठवलं त्या त्यानंच, मला ऊन लागू नये म्हणून, दर सोमवारी आणून ठेवल्या होत्या. हे त्याला कळलेलं नव्हतं. त्याच्या लेखी माझ्या पुड्या आणि त्याची चराईबंदी या दोन निराळ्या गोष्टी होत्या. मी त्याला सांगितलं नाही. निघताना तो म्हणाला, “काल बी बसवली हुती. या मंगळवारचं हुईल तुमचं. फुडं मातुर तुमचं तुमाला बघावं लागंल.”

सोमवारी सकाळी मी साहेबांच्या टेबलापुढं उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणतो. ते चिडले नाहीत. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, म्हणजे एका धनगराच्या सांगण्यावरून आपण वर्षाचं काम खोटं म्हणायचं? बरं, त्याचं खरंही असेल. शास्त्रात हट्ट चालत नाही. बाराव्या महिन्याचा नमुना अजून यायचाय. आता माळावर मेंढ्या नाहीत, तेव्हा उद्या जे मिळेल ते हरणांचंच असणार. ते वेगळं निघालं तर मी स्वतः वर लिहीन, चूक झाली, माळ खुला करा. सारखं निघालं तर धनगराला माफ करा आणि कामाला लागा. मग त्यांनी खणातून एक कागद काढून मला दाखवला. मला कायम करण्याबद्दलची त्यांची शिफारस होती. कारणाच्या रकान्यात ‘नमुने गोळा करण्यातील अचूकता’ असं लिहिलं होतं. खाली सही व्हायची होती. बाराव्या नमुन्यानंतर करतो, म्हणाले.

मंगळवारी मी माळावर गेलो. सगळीकडं शुकशुकाट होता. लांब उघड्यावर, भर उन्हात, हरणांचा कळप बसलेला दिसत होता. वर्षभर मी तो बघितला नव्हता असं नाही, त्या बाजूला जायचे कष्ट घेतले नव्हते. चालत गेलो असतो तर पाव तासात पोचलो असतो. कळप उठून गेला असता आणि जागेवर लेंड्या मिळाल्या असत्या, निमुळत्या टोकाच्या. धुळाबा अजून तीन मुक्कामांच्या आतच होता. सायकलवरून त्याला गाठून परत आणता आलं असतं. मी तिथं उभा राहून हा सगळा हिशेब केला. घराचा केला, बायकोचा केला, साहेबांनी नंतर मला काय म्हटलं असतं त्याचाही केला.

मग मी हिवराखाली गेलो. धुळाबानं शुक्रवारी जाता जाता बसवलेल्या मेंढ्यांच्या लेंड्या तिथं होत्या, कोरड्या, सुट्या, नेहमीपेक्षा जास्तच. मी खाली बसलो, पुडी भरली, नीट घडी घातली आणि चांगल्या अक्षरात तिच्यावर ‘हरीण’ असं लिहिलं.